कापलेली पट्टी

थैली उलटी करा म्हटलं
तर सरसाकाकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे,
जणू मी दागिन्यांची झडती मागितली होती.

निंबाळकरांच्या गोठीत, जिन्याखालची एक खोली.
जेठातली दुपार, पंखा नुसता आवाजाचा धनी.
बाहेर पोरं ओरडत होती, "आशा दीदी आई, सुई लाई,"
सुई नव्हतीच माझ्याकडे.
एक रजिस्टर, बीपीचं मशीन, शाई संपत आलेला पेन.

कालचा पेपर अंथरला.
वधू-वरांवर साखरेच्या गोळ्या पडल्या,
निविदेवर रक्तदाबाच्या,
आणि एक लालचुटुक कॅप्सूल घरंगळत पलंगाखाली गेली.
मालोजीकाकांनी काठीने ओढून काढली.
"ही कसली?"
"ताकदीची."
"कोणी दिली?"
"मेडिकलवरच्या पोराने. चांगला आहे पोरगा."

पट्ट्या सगळ्या कापलेल्या.
चार गोळ्या मागितल्या की चार मिळतात,
कात्री नेमकी तारखेवरून जाते,
मुदत दुकानातच राहते.

मग ती पांढरी, आणि ती गुलाबी.
पांढरी काकूंची, जयारोग्यच्या खिडकीवरून, फुकट.
गुलाबी काकांची, खासगी, महिन्याच्या महिन्याला पैसे मोजून.
वरची मोठी नावं परक्या गावची.
खाली मुंगीच्या पावलांएवढं अक्षर होतं,
मी पट्टी दारातल्या उन्हाला धरली, डोळे बारीक केले,
तर औषध तेच.
दोन्हीकडे तेच, तेवढंच.

"काकू, सकाळी मोरीत भिंत धरता ना,
ते कधीपासून?"
काकू काही बोलल्या नाहीत. काका बोलले:
"हिला चक्कर आली की मी माझ्यातली देतो.
बीपीच ना दोघांना?
मला काय, मी एक दिवस नाही घेतली तरी चालतं.
मिलमध्ये बत्तीस वर्षं रात्रपाळी केलेला माणूस मी."

म्हणजे चक्कर आली की गोळी,
गोळीने पुन्हा चक्कर,
आणि चकरेला पुन्हा काकांच्या वाट्यातली गोळी.
किती प्रेमाने
हा माणूस बायकोला खाली पाडत होता.

काकांच्या दंडाला पट्टा बांधला.
आकडा आला. मशीन बंद करून पुन्हा लावलं.
तोच आकडा, थोडा वरच.

प्रशिक्षणात तीनदा सांगितलंय: तुम्ही डॉक्टर नाही.
नाहीच. मी वाचते, मोजते, आणि विचारते.
दारात उभी राहून केंद्रावर फोन लावला,
डॉक्टरीणबाई आकडा ऐकून थांबल्या, म्हणाल्या,
काकांना आत्ता घेऊन या, रिक्षाने, चालत नको.
काकूंना फक्त पांढरी, सांगितली तेवढीच, उद्या त्यांनाही दाखवा.
आणि कोणाची गोळी कोणाला नाही.

हे शेवटचं वाक्य मी घरात जसंच्या तसं सांगितलं.
काका पेपरावरच्या गोळ्यांकडे बघत राहिले,
हिशोब चुकलेल्या मुकादमासारखे.
काकूंना अक्षर येत नाही, म्हणून पांढऱ्याच्या पाकिटावर
सूर्य काढला. पेन मधेच सुकला,
किरणं पाचच आली.
"हा उगवतीचा," मी म्हटलं.
"कळलं गं, सूर्य मला येतो," काकू म्हणाल्या.

काका सदरा घालत होते. बटणं वरखाली लागली.
काकूंनी ती सोडून पुन्हा लावली आणि मला विचारलं,
"मग आता यांनी मला काय द्यायचं?"

उत्तर पटकन सुचलं नाही.
"पाणी द्या म्हणावं," शेवटी म्हटलं, "गोळीबरोबर पेलाभर."
काकू हसल्या. "आजवर पाणी मीच देत आले."

रजिस्टरात एक रकाना आहे:
समुपदेशन केले, होय किंवा नाही.
रिक्षात बसल्यावर मी होयवर खूण केली,
खड्ड्यामुळे ती नाहीपर्यंत गेली.

ती लाल कॅप्सूल अजून माझ्या पर्समध्ये आहे,
रुमालाच्या गाठीत.
उद्या मेडिकलवर जायचंय.
चांगला आहे म्हणे पोरगा.